पक्षी दाखवून पोट भरतं का?

साताऱ्याचे एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला आले होते. मुलगी बीएस्सी बॉटनी. बँकेच्या परीक्षा द्यायच्या नाहीत, लोकांना जंगल समजावून सांगायचंय, असं तिचं म्हणणं. "मॅडम, पक्षी दाखवून पोट भरतं का?" वडिलांनी बसायच्या आधीच विचारलं.

हा प्रश्न वरचेवर येतो. पण मी आधी वेगळंच बघते. या वाटेला येऊ पाहणाऱ्या बऱ्याच मुलांना प्राणी आवडतात आणि माणसं नकोशी असतात. त्यांनी खुशाल संशोधनाकडे जावं. निसर्गशिक्षण हे माणसांत रमणाऱ्यांचं काम.

ऑफिसमागे उंबर आहे. म्हटलं, पप्पांना यातलं काहीतरी दाखव. तिने शास्त्रीय नाव वगैरे सांगितलं नाही. एक फळ तोडून त्यांच्या हातात दिलं. "पप्पा, ह्याचं फूल कुठंय?"

"उंबराला कुठलं आलंय फूल!"

"फोडा की."

आत दाटीवाटीने बसलेली बारीक फुलं आणि त्यांतून वळवळत बाहेर येणारे इवलेसे कीटक. पंखवाल्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे जातात, बिनपंखी नर आतच मरतात, हे तिने सांगितलं, पण वडिलांनी विचारल्यावर. तोवर गप्प होती. हे गप्प राहणं भल्याभल्या गाइडना जमत नाही.

आता पोटाचं. सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजांत आला खरा, पण तो सहसा दुसऱ्याच विषयाच्या शिक्षकाच्या गळ्यात पडतो. कायम जागा कमीच. संस्थांतली कामं बहुधा प्रकल्पापुरती. फिरतीचं काम हंगामी: कास पठारावर फुलं सप्टेंबरच्या आसपास, कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं उन्हाळ्याच्या तोंडावर, पावसाळ्यात ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचा गाभा, म्हणजे आतलं मुख्य जंगल, बंद. म्हणून एकाच पगारावर भिस्त ठेवू नये. शाळांचे कार्यक्रम, माहितीफलकांचं लेखन, शिबिरं अशी जोड लागते. शिक्षणासाठी पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था आहे. अनुभवासाठी बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) गोरेगावचं केंद्र किंवा अहमदाबादची सीईई (सेंटर फॉर एन्व्हायर्नमेंट एज्युकेशन).

वडिलांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बीएड पण करू दे, मग माझी हरकत नाही." पर्यावरणातली पदव्युत्तर पदवी ठरली. बीएडवरून मात्र बापलेकीची अजून जुंपलेली आहे, आणि खरं सांगायचं तर मी वडिलांच्या बाजूने आहे.