आवडता फोटो दाखवताना

एकदम ढीगभर फोटो टाकू नकोस. एकच निवड आणि त्यात तुझी नजर नेमकी कुठे अडकते ते लिही. नुसतं "खूप सुंदर" म्हटलंस तर त्यावर कोणी काय बोलणार? मला चंद्राभोवती फिरणाऱ्या अपोलो ८ या यानातून अंतराळवीर विल्यम अँडर्स यांनी २४ डिसेंबर १९६८ रोजी टिपलेला पृथ्वीचा फोटो फार आवडतो. का, तर खाली चंद्राची करडी, खडबडीत जमीन आणि वर मिट्ट काळोखात अर्धवट उजळलेली निळी पृथ्वी! एवढं सांगितलं की समोरचाही आपणहून त्याच्या आवडीचं सांगू लागतो.

फोटो दुसऱ्याचा असेल तर काढणाऱ्याचं नाव द्यायचंच. स्वतः मोबाइलवर काढलेला असेल, तर आधी त्यातली लोकेशनची माहिती काढून टाक. नाहीतर घराचा ठावठिकाणा नकळत बाहेर जाऊ शकतो.