रक्त बघून भोवळ येते, मग जीडीए करू की नको?

"मॅडम, मला रक्त बघवत नाही. हा कोर्स मला झेपेल का?" दहावी-बारावीचे निकाल लागले, की समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतोच. विचारणाऱ्या बहुतेक मुली असतात. मुलांनाही भोवळ येते, पण ते सांगत नाहीत, गुपचूप कोर्स सोडतात.

जीडीए म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंट. पेशंटला स्पंज करणं, कूस बदलणं, बेडपॅन देणं, व्हीलचेअरवर घेणं, नाडी-तापमान-बीपी बघून सिस्टरला कळवणं, असं हे काम. कोर्स काही महिन्यांचा असतो. तो करून कुणी नर्स होत नाही. "सहा महिन्यांत नर्स व्हा" असं सांगणारी जाहिरात दिसली, तर तिथे पैसे भरू नका. नर्स व्हायचं तर नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी लागते.

जिची गोष्ट सांगते आहे ती मुलगी पुण्यातल्या पर्वती पायथ्याकडची. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वर्गात ती हुशार होती. कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग तिला तोंडपाठ: रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. वॉर्डातल्या पहिल्याच आठवड्यात सिस्टर एका पेशंटच्या पायाचं ड्रेसिंग करत होत्या आणि ही ट्रे धरून उभी होती. पट्टी सुटली, खालचा कापूस लालभडक, आणि ही ट्रेसकट खाली. दुसऱ्यांदा तसंच झालं, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी सांगून टाकलं, "हे तुझं काम नाही. पार्लरचा कोर्स कर."

आई सोबत आली होती. "नाश्ता न करता जाते मॅडम, म्हणून पडते. आणि मनाने जरा नाजूकच आहे." मुलगी मान खाली घालून म्हणाली, "मी नाश्ता करते. आणि सिस्टर म्हणाल्या तसं दीर्घ श्वास घेऊन अंग सैल पण सोडलं होतं. तरी पडले."

माझ्या दृष्टीने सगळं या शेवटच्या वाक्यात होतं.

एरवी माणूस घाबरला की छाती धडधडते, बीपी चढतं. लिफ्टमध्ये किंवा गर्दीत घाबरणाऱ्याला "आता मी पडणार" असं वाटतं, पण तो सहसा पडत नाही. चढलेलं बीपी मेंदूला रक्त पुरवतच असतं. रक्ताच्या, जखमेच्या, सुईच्या भीतीत गाडी उलटी फिरते. बीपी आधी थोडं चढतं आणि मग एकदम खाली येतं, नाडी मंदावते. मेंदूला रक्त कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो आणि माणूस कोसळतो. आडवं झालं की थोड्याच वेळात शुद्ध येते. म्हणजे हा शरीराचा रिफ्लेक्स आहे, नाजूकपणाचा इथे काही संबंध नाही. आणि बीपी आधीच घसरत असताना अंग सैल सोडलं, तर ते घसरायला आणखी मदतच होते. बाकी सगळ्या भीतींना लागू पडणारा सल्ला इथे घात करतो.

ही प्रवृत्ती बऱ्याचदा घराण्यात असते, म्हणून मी घरच्यांबद्दल विचारलं. आई आधी नाही म्हणाली, मग तिला हसू आलं. "हिचे पप्पा धनुर्वाताचं इंजेक्शन घेताना पडले होते. दवाखान्याचं नाव काढलं की अजून मलाच पुढे पाठवतात." मुलीने हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. सहा फुटी, रिक्षा चालवणारा बाप पडतो हे कळल्यावर तिचा चेहरा जो खुलला, तो माझ्या समजावण्याने खुलला नसता.

तरी आधी डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन, बीपी, ईसीजी. भोवळ रक्त न बघताही येत असेल, चढताना किंवा धावताना येत असेल, आधी छातीत धडधडत असेल किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर समुपदेशकाच्या खुर्चीत वेळ घालवू नये. हिचं सगळं ठीक निघालं.

मग शिकवलं ते स्नायू ताणायचं तंत्र. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ऑस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९८०च्या दशकात याच भीतीसाठी अभ्यासलं. करायला सोपं आहे. खुर्चीत बसून मुठी, दंड, पोट आणि मांड्या घट्ट आवळायच्या, श्वास मात्र चालू ठेवायचा. १० ते १५ सेकंदांत चेहरा गरम वाटायला लागतो. मग पकड सोडायची, पण गळून जायचं नाही, नेहमीसारखं बसायचं. २०-३० सेकंदांनी पुन्हा. असं पाच वेळा. बीपीचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारूनच. हिला आधी हसू येत होतं. "बसमध्ये केलं तर लोक म्हणतील हिला काय झालंय." मी म्हटलं, बसमध्येच कर, पीएमपीच्या गर्दीत आवळून बसायची सवय सगळ्यांनाच असते.

स्नायू हुकमी आवळता यायला लागले, की मग रक्त. आधी मोबाइलवर कापलेल्या बोटाचा फोटो, मग ग्लुकोमीटरने शेजारच्या आजींची शुगर तपासताना बघणं, मग लॅबमध्ये रक्त काढतात तिथे उभं राहणं. घाई नाही. अंधारी येते आहे असं वाटलं की तोंड न फिरवता आवळायचं, आणि त्याने भागलं नाही तर सरळ खाली बसायचं. बसण्यात कमीपणा नाही, डोकं फुटण्यात आहे. मधेच तिच्या गल्लीतल्या गणपती मंडळाचं रक्तदान शिबिर आलं. तिथे ती बिस्किटं वाटायला उभी राहिली. पिशव्या भरताना दिसल्या, एकदा बसावं लागलं, पडली मात्र नाही.

वॉर्डात परत जाताना तिने सिस्टरना काय सांगायचं, याची आम्ही तालीम केली. "मला रक्त बघून भोवळ येते, त्यावर काम चालू आहे. सुरुवातीचे दिवस ड्रेसिंगला मी बाजूला स्टूल ठेवीन." एवढंच. माफी नको, रडगाणं नको. सिस्टर म्हणाल्या, "अगं, मला पण पहिल्या वर्षी यायची."

एक खरं सांगते. जीडीएच्या कामात रक्त तसं कमीच दिसतं. जास्त दिसते ती लघवी, शी, उलटी, बेडसोअर म्हणजे पडून राहून झालेल्या जखमा. त्या वासाची बहुतेकांना सवय होते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी काम सोडणाऱ्या मुली रक्ताने कमी आणि नाइट ड्युटी, तुटपुंजा पगार, "मावशी" म्हणून मारल्या जाणाऱ्या हाका यांनी जास्त सोडतात. त्यामुळे "मला जमेल का" हे विचारताना रक्ताआधी रात्रपाळीचा आणि रात्री घरी परतायचं कसं याचा हिशेब करा. स्नायू आवळून तो प्रश्न सुटत नाही.

या मुलीने कोर्स पुरा केला. भाजलेल्या पेशंटच्या ड्रेसिंगला ती अजून जात नाही आणि सिस्टरही तिला त्यासाठी बोलवत नाहीत. आता तिच्या डोक्यात एएनएम, म्हणजे सहायक नर्स-मिडवाइफचा कोर्स आहे. दोन वर्षांचा कोर्स, बारावी लागते, ती तिची झालेली आहे. पण तिथे इंजेक्शन द्यावं लागेल, जीडीएत ते कामच नव्हतं. परवा फोनवर तिने तेच विचारलं. मी सांगितलं, तिथे आधी मॉडेलवर टोचायला शिकवतात, तेव्हापासूनच सराव धर. दुसऱ्याचं बघण्यापेक्षा स्वतःच्या हाताने करताना बऱ्याच जणींना कमी त्रास होतो. तरी पहिल्या दिवशी स्टूल जवळ ठेव.