‘इनसाइट १/६’ म्हणजे नापास का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही डिचोलीची. माझा धाकटा दीर २४ वर्षांचा, तीन महिने झाले धड झोपत नाही, खोलीत एकटाच बोलतो, शेजारी नळाच्या पाण्यात काहीतरी घालतात म्हणून फक्त विहिरीचं पितो. सासूबाई म्हणतात गावच्या राखणदाराचं, देवचाराचं आहे, गाऱ्हाणं घालूया. शेवटी डॉक्टरांना दाखवलं तर कागदावर ऑडिटरी हॅल्युसिनेशन, डिल्यूजन, इनसाइट १/६ असं लिहिलंय. हे तीन आजार झाले का? आणि ६ पैकी १ च मार्क?

उत्तर: ताई, ते मार्क नव्हेत, पायऱ्या आहेत. इनसाइट म्हणजे आपल्याला बरं नाही हे स्वतःला उमगणं. १ म्हणजे ‘मला काही झालेलंच नाही’, आणि ६ म्हणजे ते मनापासून पटून वागण्यातही फरक पडणं. उपचाराने हा आकडा वर सरकू शकतो, पुढच्या खेपेला नवा कागद जरूर बघा.

आणि तीन आजार नाहीत हो. ताप, खोकला लिहितात तशी ही लक्षणं. स्किझोफ्रेनियात दिसतात, तीव्र नैराश्यात दिसतात, रोजची दारू एकदम सोडली तरी दिसतात, त्यामुळे आजाराचं नाव ठरायला वेळ लागतो.

हॅल्युसिनेशन म्हणजे भास, बोलणारं कोणी नसताना आवाज येणं. काळोखात सुंभ बघून साप वाटला तर ते इल्यूजन, तिथे सुंभ तरी असतो, इथे काहीच नसतं पण त्याला मात्र तुमचा-माझा आवाज येतो तितकाच खरा ऐकू येतो. डिल्यूजन म्हणजे कितीही पुरावा दिला तरी न हलणारी खोटी समजूत, म्हणून त्याच्यासमोर नळाचं पाणी पिऊन दाखवलंत तरी उपयोग नाही, उलट तुम्हीही सामील आहात असं वाटेल त्याला. सासूबाईंचा देवचार मात्र डिल्यूजन नव्हे, ती अख्ख्या गावाची श्रद्धा आहे, त्यांना कृपया वेडं ठरवू नका. गाऱ्हाणं घाला, पण गोळी एकही चुकवू नका.

वाद न घालता एवढंच म्हणा, ‘मला ऐकू येत नाही रे, पण तुला येतंय आणि त्याने तुझी झोप उडालीय ते दिसतंय मला.’ मग आवाज काय सांगतो ते सरळ विचारा. मर किंवा मार म्हणत असेल तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात न्या, रात्री कोणाला विचारायचं सुचलं नाही तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा.