रायफलीला भोक न पाडता दुर्बीण बसते का?

प्रश्न : माझ्याकडे १९४३ सालची, लाँग ब्रँच कारखान्याची ली-एनफिल्ड नंबर ४ मार्क वन स्टार रायफल आहे, रीतसर परवान्यासह. वयामुळे पुढची साइट धूसर दिसू लागली आहे. गॅरेजमध्ये छोटी मिलिंग मशीन आहे. रिसीव्हरला (बॅरलमागच्या पोलादी सांगाड्याला) चार भोकं पाडून, आटे काढून दुर्बिणीचा माउंट बसवायचा विचार आहे. कोणतं पोलाद आणि कोणता टॅप घ्यावा?
— एक वाचक, ब्रॅम्प्टन (कॅनडा)

उत्तर : टॅप अजून हातात घेऊ नका. तुम्हाला लागणारी भोकं कारखान्यानेच पाडून ठेवली आहेत, आणि नवी पाडायला माझा ठाम विरोध आहे.

माउजर घराण्याच्या रायफलींत बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून कोंडणारा दांडा, पुढे, चेंबरलगत अडकतो. ली-एनफिल्डमध्ये तो मागच्या बाजूला अडकतो. बार उडताना बोल्टचा सगळा दाब रिसीव्हरच्या मागच्या भागावर येतो, आणि माउंटसाठी माणूस ड्रिल लावतो तेही नेमकं तिथेच. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९४२ पासून स्नायपरसाठीच्या ‘टी’ रायफलींना डावीकडे दोन पॅड स्क्रू मारून आणि डाग देऊन बसवले, हे खरं. पण त्यासाठी रायफली निवडून घेतलेल्या असत, आणि ब्रॅकेट त्या-त्या रायफलीला जुळवून त्यावर तिचाच नंबर मारत. तुमची रायफल तुमच्या शेजारच्याच मिसिसागात घडली. तिथे त्या कारखान्याची तपासणीची इमारत अजून उभी आहे, एकदा जरूर पाहून या. अशा वस्तूला पाडलेलं भोक परत बुजत नाही.

आता काम. मागची साइट ज्या आडव्या पिनवर फिरते ती पिन काढा, साइट जपून ठेवा. ती पिन धरणारे रिसीव्हरचे दोन कान म्हणजे माउंटचा मागचा पाय. पुढचा पाय चार्जर ब्रिजवर, म्हणजे काडतुसांची क्लिप जिथे खोचतात त्या रिसीव्हरवरच्या आडव्या पुलावर टेकवा. डाव्या भिंतीतला इजेक्टर स्क्रू काही जण पकडीसाठी वापरतात. वापरलात तर लक्षात ठेवा की त्या स्क्रूचं टोक आत येऊन रिकामं काडतूस बाहेर उडवतं. नवा स्क्रू आत तेवढाच यायला हवा. आटे जुने ब्रिटिश आहेत, अमेरिकन टॅप त्यात घुसवू नका. मूळ स्क्रूलाच गेज माना.

पोलाद ४१४० घ्या. अॅल्युमिनियम हलकं असतं, पण पिनच्या भोकाशी ते लवकर ढिलं होतं.

सगळ्यात जास्त वेळ बैठकीला द्या. युद्धकाळातला माल आहे. दोन रायफलींचे ब्रिज सारखे मिळतील अशी आशा ठेवू नका, आणि कुणाच्या ड्रॉइंगवरून माप घेऊ नका. पुण्याच्या टूलरूममध्ये आमचे फोरमन म्हणायचे, ‘जॉबला विचार, कागदाला नको.’ ब्रिजला प्रशियन ब्ल्यूचा, म्हणजे खुणेच्या निळ्या रंगाचा, पातळ हात द्या, माउंट टेकवा, उचला, डाग लागेल तिथेच बारीक कानस चालवा. पूर्ण पायावर रंग येईपर्यंत हेच. एक उंचवटा राहिला की स्क्रू आवळताना माउंट वाकतो आणि तोच बाक दुर्बिणीच्या नळीत उतरतो. हिशोब करून पाहा : दुर्बीण धरणाऱ्या दोन रिंगांमध्ये १२० मिलिमीटर अंतर आहे आणि एक टोक फक्त ०.१ मिलिमीटर वर राहिलं, तर १०० मीटरवर निशाण ८ सेंटिमीटरहून जास्त सरकतं. दुर्बिणीच्या निशाण जुळवायच्या चकतीने ते भरून काढता येतं, पण मग लांबच्या पल्ल्यासाठी चकतीत फिरायला जागाच उरत नाही.

वरची पिकॅटिनी रेल (रिंगा अडकवायची खाचांची पट्टी) पाय घासून बसल्यावरच मिल करा, आधी नाही. माउंट बसलेल्या स्थितीत बॅरलच्या रेषेला डायल लावून दिशा घ्या. खाचा ५.२३ मिलिमीटर रुंद, एकीपासून दुसरी १०.०१ मिलिमीटरवर. धक्का स्क्रूच्या मानेवर येऊ देऊ नका. ब्रिजच्या कडेला टेकणारी छोटी पायरी माउंटलाच ठेवा.

रेल कापण्याआधी एकदा बोल्ट पूर्ण काढून, परत घालून पाहा. मागची साइट आडवी असली तरी या रायफलीचा बोल्ट निघत नाही, मग तुमचा माउंट तिथे कायमचा बसणार. साफसफाईसाठी दर वेळी माउंट उतरवावा लागला, तर दर वेळी निशाण नव्याने लावत बसाल. चार्जर क्लिपने भरणं मात्र जाईल. काडतुसं एकेक करून घालावी लागतील, ‘टी’वाल्यांनाही तसंच करावं लागे. दुर्बीण उंच बसल्याने गाल हवेत राहील. त्यासाठी दस्त्यावर चामड्याची, दोरीने बांधायची गादी लावा. ‘टी’ रायफलींना लाकडी तुकडा स्क्रूने ठोकलेला असे, तुम्ही लाकडालाही भोक पाडू नका.