लॅपटॉप स्वतः उघडून रॅम वाढवली तर वॉरंटी जाते का?

तुमचा प्रश्न असा: लॅपटॉप घेऊन सात महिने झालेत, ८ जीबी रॅम पुरत नाही, आणखी ८ जीबीची स्टिक आणून स्वतःच बसवायची आहे. पण ज्याच्याकडून घेतला तो दुकानदार म्हणतो, "मागचं झाकण उघडलं की वॉरंटी संपली."

दुकानदार सरसकट बोलतोय. नुसतं झाकण उघडल्याने सहसा वॉरंटी जात नाही. उघडताना तुमच्या हातून जे मोडेल, त्याची जाते. मी अकरा वर्षं पुण्यात एका कंपनीत आयटी सपोर्टला आहे, वॉरंटीतले लॅपटॉप उघडणं हे माझं रोजचंच काम. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी एक पीडीएफ शोधा. डेल, एचपी, लेनोवो यांच्या सपोर्टच्या पानावर मॉडेलचा नंबर टाकला की सर्व्हिस मॅन्युअल मिळतं. स्क्रू कुठल्या क्रमाने काढायचे, रॅम कशी ओढायची, सगळं चित्रांसकट. लेनोवोच्या मॅन्युअलमध्ये तर सुट्या भागांपुढे 'सीआरयू' असं लिहिलेलं असतं, म्हणजे कस्टमर रिप्लेसेबल युनिट, ग्राहकाने स्वतः बदलला तरी चालेल असा भाग. तुमची रॅम त्या यादीत असेल तर प्रश्न तिथेच मिटला. झाकण कसं काढायचं ते कंपनीनेच शिकवायचं आणि काढलं म्हणून वॉरंटी नाकारायची, असं कुठल्याही काउंटरवरच्या माणसाला सरळ तोंडाने म्हणता येत नाही. पण अटी मॉडेलप्रमाणे बदलतात. एखाद्या स्क्रूवर कंपनीचं स्टिकर असेल तर तो काढण्याआधी कंपनीला ईमेल करून विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. फोनवरच्या "हो सर, चालेल" ला काही किंमत नाही.

आता तो शब्द, जो तुम्हाला काउंटरवर ऐकू येईल: सीआयडी. पोलिसांची नव्हे; कस्टमर इन्ड्यूस्ड डॅमेज, म्हणजे ग्राहकाने केलेलं नुकसान. जॉबशीटवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या दुरुस्तीच्या कागदावर, ही तीन अक्षरं पडली की वॉरंटी त्या भागापुरती संपली. आणि काही ठिकाणी ती फार सैल हाताने लिहितात.

माझ्या मावसभावाचं झालं ते असं. त्याने रॅम वाढवली, तीन महिन्यांनी कीबोर्डची दोन बटणं बंद पडली. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने झाकण उघडलं, दुसऱ्या कंपनीची रॅम पाहिली आणि कीबोर्ड तपासायच्या आधीच लिहिलं, "अनधिकृत पार्ट, सीआयडी." भावाने मला फोन केला, मी गेलो. भांडलो नाही. त्यांचाच वॉरंटीचा कागद पुढे ठेवला. त्यात लिहिलं होतं की बाहेरच्या पार्ट*मुळे* झालेलं नुकसान धरलं जाणार नाही. म्हटलं, "साहेब, रॅममुळे कीबोर्डची दोन बटणं कशी गेली, तेवढं जॉबशीटवर लिहून सही-शिक्का द्या, आम्ही निघतो." तो आत गेला. वीसेक मिनिटांनी बाहेर आला आणि नवी जॉबशीट केली. आठवड्याभरात कीबोर्ड बदलून मिळाला.

सगळा खेळ त्या 'मुळे' या शब्दात आहे. रॅम बदलली आणि स्क्रीनवर रेघा आल्या, तर दोन्हींचा संबंध काय, हे त्यांनी दाखवायचं. रॅम बदलली आणि रॅमचा स्लॉटच गेला, तर तुमची बाजू लंगडी.

आणि लंगडी बाजू कशी असते तेही सांगतो, कारण मीही हे भोगलंय. स्वतःचा, पाच महिन्यांचा लॅपटॉप होता. एसएसडी, म्हणजे डेटा साठवायची डिस्क, बदलायला उघडला. टचपॅडची पट्टी, म्हणजे तिथून बोर्डकडे जाणारी चपटी केबल, मध्ये येतेय असं वाटलं म्हणून ती काढायला गेलो. त्या पट्टीच्या कनेक्टरवर एक काळी चिमटी असते, भाताच्या तुसाएवढी. ती नखाने वर उचलायची असते. मी पट्टी सरळ ओढली. चिमटी उडून कुठे गेली ते अजून सापडलेलं नाही. टचपॅड बंद. कनेक्टर मदरबोर्डवर, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डवर, सोल्डर केलेला, त्यामुळे सर्व्हिस सेंटर म्हणालं, बोर्ड बदला. खर्च लॅपटॉपच्या निम्म्या किमतीच्या आसपास. सीआयडी अगदी रास्त होती, मी तोंडातून अक्षर काढलं नाही. शेवटी पुण्यातल्या तापकीर गल्लीतल्या एका कारागिराने दुसऱ्या एका जुन्या बोर्डवरचा कनेक्टर काढून लावून दिला. मजा म्हणजे ती पट्टी काढायची गरजच नव्हती.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत हे बरंच स्पष्ट आहे. तिथे १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. आमचाच पार्ट किंवा आमचीच सर्व्हिस वापरली तरच वॉरंटी, अशी अट तिथे सहसा घालता येत नाही. 'स्टिकर काढलं तर वॉरंटी रद्द' असल्या भाषेवरून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना ताकीद दिली होती. पण हे वाचून इथल्या काउंटरवर अमेरिकन कायदा सांगू नका; लोक सांगतात, मी पाहिलेत.

आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, जुलै २०२० पासून लागू. त्यात लॅपटॉप उघडण्याबद्दल वेगळं कलम नाही. सेवेतली त्रुटी, अनुचित व्यापारी प्रथा, अन्याय्य करार या कलमांखालीच भांडावं लागतं. 'राइट टू रिपेअर'साठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये समिती नेमली, पोर्टलही काढलं, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. प्रत्यक्षात उपयोगी पडतो तो १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. तिथे तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे जाते, आणि सेंटरवर अडलेलं काम पुष्कळदा एवढ्यानेच हलतं. नाहीच हललं तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते.

नव्या रॅमची वॉरंटी लॅपटॉपवाल्याकडे नसते, ती रॅमच्या कंपनीकडे. म्हणून बिल घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शंभर-दोनशे वाचवून कच्च्या पावतीवर घेतलेली स्टिक बिघडली की दारोदार फिरावं लागतं.

आता तुमच्या लॅपटॉपचं. विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरी. 'स्लॉट्स यूज्ड' १ ऑफ २ दिसलं तर बहुतेक एक जागा रिकामी आहे. फॉर्म फॅक्टरपुढे 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर रॅम बोर्डवरच चिकटवलेली आहे. वेगळा स्लॉट आहे का ते मॅन्युअलमध्ये पाहा, नसेल तर तुमचे पैसे वाचले. मॅकबुकवाल्यांनी तर हा प्रश्न विचारायचाच नाही. डीडीआर ४ आणि ५ या रॅमच्या दोन पिढ्या, त्यांची खाच वेगळ्या जागी असते, बसत नसेल तर जोर लावू नका.

उघडायच्या आधी डेटाचा बॅकअप घ्या आणि बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. पुढेमागे सर्व्हिस सेंटरने मदरबोर्ड बदलला की विंडोज तीच मागतं. झाकण उघडल्या उघडल्या आतले फोटो काढा. सात महिन्यांचा बोर्ड कसा स्वच्छ होता, ते उद्या दाखवता येईल. बॅटरीचा कनेक्टर आधी काढा. स्क्रू मी मिसळणाच्या जुन्या डब्यात ठेवतो, एकेका वाटीत एकेका कोपऱ्याचे, कारण लांब स्क्रू आखूड जागी पिळला की तो आत बोर्डला भोक पाडतो, आणि ते भोक काउंटरवरच्या माणसाला लगेच दिसतं. स्टिक तिरपी धरून सोनेरी कड दिसेनाशी होईपर्यंत आत सारायची, मग खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या चिमट्या 'खट्' करून लागतात. जुनी रॅम काढावी लागली तर ती फेकू नका. सर्व्हिसला देताना तीच बसवून द्या, म्हणजे वादाला विषयच उरत नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन मिनिटभर काळी राहिली तर हात आवरा. विशेषतः डीडीआर ५ असेल तर मशीनला नवी रॅम जुळवून घ्यायला वेळ लागतो. आमच्या मावसभावाने घाबरून तीनदा पॉवरचं बटण दाबून बंद केला आणि रात्री साडेअकराला मला फोन केला. चौथ्यांदा मी म्हटलं, चहा कर आणि ये. चहा होईपर्यंत लॅपटॉप सुरू झाला होता.