तुर्कस्तानची बास्केटबॉल सुपर लीग पाहण्यासारखी आहे का? कुठला संघ धरावा?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेची एनबीए लीग बघायची सवय असलेल्याला तुर्कस्तानची लीग रुचेल का, आणि धरायचाच तर ‘जिंकणारा’ संघ कुठला. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्यातला ‘जिंकणारा’ हा शब्द मला टोचला, म्हणून लिहायला बसले.

2013 ते 2016 मी नोकरीसाठी तुर्कस्तानातल्या इझमीरला होते. राहायला कार्शियाकाला, म्हणजे खाडीच्या पलीकडच्या काठावर. संध्याकाळी कोनाकच्या धक्क्यावरून बोट पकडायची आणि घरी जायचं. घरमालकीण सत्तरीच्या पुढची. तिला मी ‘तेयझे’ म्हणायचे, म्हणजे मावशी. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, तू कुठली? म्हटलं, नागपूरची. ती म्हणाली, “इथे राहतेस ना? मग तू साडेपस्तीसची.” इझमीरच्या गाड्यांचा नंबर 35 ने सुरू होतो. कार्शियाकाची माणसं स्वतःला त्या 35 मध्ये धरत नाहीत, ती साडेपस्तीसची!

तीच मला पहिल्यांदा कार्शियाका क्लबच्या बास्केटबॉल मॅचला घेऊन गेली. हॉल सुमारे 5,000 माणसांचा, पण आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. हिरवे-लाल मफलर, आणि प्रत्येकाच्या हातात सूर्यफुलाच्या बियांचा पुडा. बाकी तुर्कस्तान ज्याला चेकिर्देक म्हणतं त्याला इझमीरकर चीदेम म्हणतात, आणि तेयझे त्यावरूनही भांडायची. घोषणा एकच, ‘काफ सिन काफ’. क्लब 1912 चा, तेव्हा तुर्की अरबी लिपीत लिहायचे. ती क्लबच्या नावाची त्या लिपीतली आद्याक्षरं. लिपी बदलून जमाना झाला, घोषणा तीच आहे. कॉलेजात मी चार वर्षं बास्केटबॉल खेळले, पण आख्खं गाव असं एका संघामागे उभं राहिलेलं तोवर पाहिलं नव्हतं.

मग आला जून 2015. उपांत्य फेरीत आम्ही इस्तंबूलच्या फेनेरबाहचेला घरी पाठवलं, त्याच वर्षी युरोलीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, शेवटच्या चारांत पोचलेल्या फेनेरबाहचेला. अंतिम फेरीत समोर इस्तंबूलचाच अनादोलू एफेस. आमचा प्रशिक्षक उफुक सारिजा, आणि चेंडू बॉबी डिक्सनच्या हातात, ज्याची उंची सहा फूटसुद्धा नाही. मालिका आम्ही 4–1 ने जिंकली. शेवटची मॅच तेयझेकडे टीव्हीवर पाहिली. चौथा क्वार्टर तिने आख्खा उभ्याने काढला, मफलरची दोन टोकं मुठीत आवळून. बझर वाजल्यावर ती ओरडली नाही. आधी चहाखालचा गॅस बंद केला, मग खुर्चीत बसली आणि म्हणाली, “अठ्ठावीस वर्षं.” याआधीचं विजेतेपद 1987 चं. ते तिने नवऱ्यासोबत पाहिलं होतं. खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न पहाटेपर्यंत वाजत होते.

त्याच रात्री मी नागपूरला दादाला फोन लावला. दादा विद्यापीठाकडून खेळलेला, घरात बास्केटबॉलवर शेवटचा शब्द त्याचा. तो म्हणाला, “एनबीएत ज्यांना कोणी विचारत नाही ते तिकडे जातात. आणि तुझे हे लोक पुढच्या वर्षी कुठे असतील ते बघ.” दुसरं वाक्य खरं ठरलं. काही आठवड्यांत डिक्सन फेनेरबाहचेकडे गेला, लांबून बास्केट करणारा जॉन डीब्लर एफेसकडे. पैसा तिकडे आहे, खेळाडू तिकडे जाणार. 2025 पर्यंत एफेसची 16 विजेतेपदं झाली, फेनेरबाहचेची 12. फेनेरबाहचेने 2025 मध्ये लीगही जिंकली आणि युरोलीगही. तुम्हाला फक्त जिंकणारा संघ हवा असेल तर उत्तर एवढंच, आणि त्यासाठी मला विचारायची गरज नव्हती. पण ते आयत्या ताटावर बसणं झालं. मी असला पाठिंबा मानत नाही.

दादाचं पहिलं वाक्य मात्र साफ चूक. हा खेळच वेगळा आहे. एनबीएत बचाव करणाऱ्याला कुणाला न अडवता बास्केटखाली तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, तो नियम इथे नाही, त्यामुळे उंच सेंटर बास्केटखाली ठाण मांडून बसू शकतो. नुसतं एकट्याने आत घुसून भागत नाही. पास फिरवावा लागतो, स्क्रीन, म्हणजे सोबत्यासाठी बचावपटूची वाट अडवणं, नीट लावावा लागतो. सामना 40 मिनिटांचा, म्हणून चेंडू हातात असलेली एकेक पाळी महाग. आणि तळाच्या संघांना खालच्या लीगमध्ये घसरायची भीती असते, त्यामुळे एप्रिल-मेमधल्या तळाच्या मॅचेससुद्धा जीव खाऊन खेळल्या जातात. मला विचाराल तर सुरुवात तिथूनच करा, इस्तंबूलच्या डर्बीपासून, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांच्या लढतीपासून, नको.

डर्बीचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवं: या लीगमध्ये कटुता फार आहे. 2014 मध्ये फेनेरबाहचेविरुद्धच्या अंतिम फेरीचा सातवा सामना खेळायला इस्तंबूलच्याच गालातासरायचा संघ आलाच नाही. असं पुन्हा होणारच नाही, असं मी म्हणणार नाही. आणि कार्शियाका धरलात तर एखाद्या 2015 साठी बरीच वर्षं हरण्याची तयारी ठेवा. ते तुम्हाला झेपणार नसेल तर खुशाल फेनेरबाहचे धरा, खेळ त्यांचा उत्तमच आहे.

दादा हे उत्तर वाचणार आहे, म्हणून त्याच्यासाठी एक नाव. अल्परेन शेंग्युन. काळ्या समुद्राकाठच्या गिरेसूनचा पोरगा, बांदर्मासारख्या छोट्या शहरात घडला. 2020–21 मध्ये इस्तंबूलच्या बेशिक्ताश क्लबकडून खेळताना, वयाच्या 18 व्या वर्षी, याच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2025 च्या ऑल-स्टारमध्ये, म्हणजे एनबीएच्या निवडक खेळाडूंच्या मेळाव्यात, खेळला तो हाच, दादा.