सटवाई आणि सिस्टर आजी

प्रिय सई,

परवा नाशिकच्या व्हिडिओ कॉलवर तू आत्याकडच्या बाळाची पाचवी पाहिलीस. पाटा-वरवंटा, हळदकुंकू, कोरा कागद, पेन. फोन ठेवल्यावर विचारलंस, "बाबा, आजी तर नर्स होती. तिच्या घरात हे कसं चालायचं? आणि माझी केली होती का?"

चालायचं कसलं, तीच तर करायची! पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, अशी समजूत. म्हणून तिच्यासाठी कागद-लेखणी मांडायची, दिवा विझू द्यायचा नाही आणि घरातल्या कुणीतरी रात्रभर जागायचं. आजीचा सटवाईवर विश्वास होता का, मला सांगता येणार नाही. जागण्यावर मात्र होता.

त्याला कारण होतं. ती सिव्हिलला लागली तेव्हा खेड्यापाड्यांत बाळंतपणं घरीच उरकायची. नाळ कापायला विळा, वर लावायला राख नाहीतर शेण. बाळ पहिले दोन दिवस छान दूध ओढायचं. मग पुढच्या आठवड्या-दीड आठवड्यात कधीतरी त्याचा जबडा आवळायचा, ओढणं थांबायचं, अंग ताठ होऊन मागे वाकायचं. धनुर्वात. घरचे म्हणायचे, सटवाईनं एवढंच लिहिलं होतं. "सटवाईनं कशाला, विळ्यानं लिहिलं," हे आजीचं उत्तर. पुढे गरोदर बायकांना धनुर्वाताची इंजेक्शनं मिळू लागली, दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, नाळेसाठी उकळलेली कात्री आणि नवं ब्लेड आलं. 2015 साली भारतातून नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे हजार जन्मांमागे एकापेक्षाही कमी, आणि तेही प्रत्येक जिल्ह्यात. ती बातमी आजीनं पेपरमधून कापून देवघराच्या फळीवर ठेवली होती.

तर पाचवीची रात्र. आजी कोपरापर्यंत हात धुवायची, लाल लाइफबॉयनं, नखांच्या खाली घासून. मग दिव्याच्या उजेडात दुपटं सोडून नाळ बघायची, वाकून तिचा वास घ्यायची. बाळाच्या ओठाला करंगळी लावायची आणि ते चुटूचुटू ओढू लागलं की मान डोलवायची. दर दोन-तीन तासांनी हेच. आणि सटवाईच्या कोऱ्या कागदाशेजारी ती लसीकरणाचं कार्ड ठेवायची. बीसीजी, ट्रिपल, पोलिओ, सगळ्या तारखा आधीच भरलेल्या. सटवाईला जे लिहायचं ते त्यातून उरलेल्या जागेत!

पणजीबाईंना हे फारसं रुचायचं नाही. बाळाला मध चाटवायचा, पहिला चीक पिळून टाकायचा, खोली बंद करून धुरी द्यायची, ही त्यांची पद्धत. आजीनं एकेक करून सगळं बंद केलं, पण कधी आवाज चढवून नाही. "सासूबाई, नैवेद्य देवीला दाखवा, बाळाच्या तोंडात फक्त आईचं दूध," एवढंच. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, तेल लावून गरम पाण्याची अंघोळ, सव्वा महिना विश्रांती याला तिचा कधीच विरोध नव्हता. उलट लाडवात तूप कमी पडलं तर सुनांची खैर नसायची.

एका बाबतीत माझं तिच्याशी पटलं नाही. सोयर असतं, दहा दिवस बाळंतिणीला शिवायचं नाही. आजी विटाळ मानत नव्हती, पण बघायला येणाऱ्यांना दारातूनच वाटेला लावायला तिला तो फार सोयीचा. "सोयर आहे हो," म्हणायची आणि खोकणाऱ्या मावशी परत. जंतू म्हटलं असतं तर त्या रागावल्या असत्या, हे खरं. पण घरातल्या मुलींच्या कानावर विटाळच पडत राहिला ना? तुझी आत्या यावरून तिच्याशी भांडायची आणि आत्याचंच बरोबर होतं.

नाईट ड्यूटी तर आजीच्या पाचवीलाच पुजलेली. आम्ही पंचवटीत राहायचो. सकाळी ती रविवार कारंज्यावर उतरून होळकर पूल चालत ओलांडायची. तेव्हा सिस्टर पांढरी साडी नेसत. सवाष्णीनं पांढरं नेसून घराबाहेर पडायचं यावरून आळीत कुजबुज चालायची, म्हणून ती ठसठशीत कुंकू लावायची. पावसाळ्यात नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की अख्खं नाशिक गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, पूर बघायला लोटायचं, आजी तो ड्यूटीवर जाता-येता बघायची. घरी आल्यावर झोप नाही. कोणाच्या लग्नाची बोलणी, कोणाची फी, कोणाचं बाळंतपण कुठे करायचं, सगळं तिच्यापाशी यायचं. काका-काकू मोठे झाले तरी "सिस्टरला विचारा" हाच घरातला शेवटचा शब्द.

आता तुझी पाचवी. तू इथे टोरांटोत झालीस, बर्फाच्या दिवसांत. आजीला व्हिसा वेळेत मिळाला नाही. तिचा फोन आला तेव्हा तिकडे पहाट होती. आधी विचारलं, "दूध ओढतेय ना नीट? नाळ कोरडी आहे?" मग, "पाटा-वरवंटा कुठून आणलास?"

"नाहीये गं. मिक्सरचं भांडं मांडलंय."

थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चालेल. पण मिरचीचं नको, चटणी वाटली असशील त्यात."

तुझा,
बाबा